मागून दिसावी म्हणून

मास्तरांच्या जुन्या गाडीला नावं ठेवायला पुढून जागा नव्हती. चित्रकलेच्या या शिक्षकाने निवृत्त झाल्यावर तिला स्वतःच्या हातांनी असा गर्द हिरवा रंग दिला होता की शेजारीपाजारी त्यात बघून भांग पाडत. रड होती ती मागची. मागचे दोन लाल दिवे आणि दोन इंडिकेटर अंधारून आल्यावरही डोळे बारीक करून शोधावे लागत.

"त्या काळी दिवे असेच असायचे," मास्तर म्हणत. मास्तरांचं हे एक बरं होतं. न जमलेल्या गोष्टीला ते लगेच इतिहास चिकटवून टाकत.

मग धुक्याच्या एका संध्याकाळी मागून ट्रक आला. करकचून ब्रेक लागला आणि ट्रक बंपरपासून हातभर अंतरावर थांबला. ट्रकवाला उतरला, मागच्या दिव्यापाशी वाकला नि म्हणाला, "काका, हा दिवा आहे की काजवा?" मास्तरीणबाई शेजारच्याच सीटवर होत्या. दार उघडून उतरल्या आणि घरापर्यंत चालत गेल्या. घरी पोचल्यावर म्हणाल्या, "कोपऱ्यावरच्या लाँड्रीपासून ही गाडी मला मागून दिसेल, त्या दिवशी मी तिच्यात बसेन. तोवर पाय ठेवणार नाही."

बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दर रविवारी दोघांनी तलावापर्यंत फेरी मारायची हा नेम मोडला. मास्तर एकदा एकटेच जाऊन आले. शेजारची सीट रिकामी, आणि रस्ताभर चुका काढायलाही कुणी नाही. त्यांना फार एकटं वाटलं. गाडी विकून टाकावी असंसुद्धा मनात येऊन गेलं.

शेवटी त्यांनी साडूंना बोलावलं. साडू, म्हणजे बाईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान, विजेच्या सामानाचं दुकान चालवत. फुकट सल्ल्याचं दुकान त्याहून जोरात चाले.

"काही नाही हो मास्तर, एलईडी टाकू. लांबून डोळे दिपतील."

टाकले. लाल दिवा थरथरायला लागला, आणि इंडिकेटर लुकलुकायचं विसरून नुसता टक लावून बघत बसला. नव्या बल्बला वीज इतकी कमी लागे, की बल्ब जोडलाय हे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या जुन्या फ्लॅशरच्या गावीही नव्हतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

"छान," बाई पायरीवरून म्हणाल्या. "आता वळायचं असेल तर हात बाहेर काढा."

जुने बल्ब परत बसले. काचा साबणाने धुऊन झाल्या, आतला काळवंडलेला पत्रा घासून चकचकीत झाला. फरक पडला, पण लाँड्रीपर्यंत पोचेल इतका नाही. वैतागून साडू चालू दिव्याचाच स्क्रू आवळायला बसले. स्क्रूड्रायव्हर घसरला. त्याचं टोक दिव्याच्या पत्र्यावर आणि दांडी बंपरच्या उघड्या बोल्टवर टेकली, तसा दिवा एकदम उजळला. साडूंनी दचकून हात मागे घेतला आणि दिवा पुन्हा मलूल झाला.

"परत टेकवा," मास्तर म्हणाले. टेकवला. परत लख्ख.

बल्बातून निघालेली वीज दिव्याच्या पत्र्यातून गाडीच्या अंगात शिरते आणि तिथून बॅटरीकडे परतते. म्हणून दिवा जिथे बसतो तिथे उघडं लोखंड हवं. मास्तरांनी नेमकी तीच जागा रंगवली होती. कुणाला कधी दिसणार नाही ती जागा, पण दिवे काढून, रंगाचे दोन-दोन हात देऊन, मन लावून रंगवली होती. विजेची परतायची वाट त्यांनी स्वतःच बुजवली होती.

"हात दाखवून अवलक्षण," साडू म्हणाले. "खरवडा आता."

मास्तर सँडपेपर घेऊन नुसतेच उभे राहिले.

"मी खरवडू का?"

"नको. रंग माझा आहे."

चारही दिव्यांखालची जागा त्यांनीच खरवडली. हिरवी भुकटी जमिनीवर पडताना पहिल्यांदा जीव हळहळला, मग हात चालू लागला. बाई पायरीवर बसून सगळं बघत होत्या.

दिवेलागणीला साडू घरी गेले. मास्तर बाईंना म्हणाले, "तू लाँड्रीपाशी जा, मी ब्रेक दाबतो."

"तुम्हीच जा. मागून काय दिसतं ते एकदा स्वतः बघा."

हे रास्तच होतं. मास्तर कोपऱ्यापर्यंत गेले, वळले आणि हात वर केला. गल्लीच्या टोकाला दोन लाल दिवे झळझळीत उजळले. मग डावा इंडिकेटर लुकलुकला, मग उजवा. लाँड्रीवालासुद्धा इस्त्री बाजूला ठेवून बघत राहिला.

मास्तरांना मनापासून आनंद झाला, आणि त्या आनंदात एक गोष्ट जरा उशिराच ध्यानात आली. ब्रेक दाबायला आत कुणीतरी बसावं लागतं. आत बाई बसल्या होत्या. आजवर ते नुसती गाडी बघत आले होते. ट्रकवाल्याच्या जागी उभं राहून आज प्रथमच त्यांना दिसलं की तिच्यात कोण असतं. ते भराभर चालत परतले.

"दिसले का?" बाईंनी खिडकीतून विचारलं.

"दिसले. पण तू तर आधीच बसलीस. दिवे उजळले नसते तर?"

"तरी बसले असते. माझ्यासाठी तुम्ही तो रंग खरवडलात." बाई शेजारच्या सीटवर सरकल्या. "या आता, आणि हळू चालवा."