पिवळेबाबांचा खल

लोटे नाक्यावरच्या मंडपात गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. शिफ्ट सुटल्यावर कंपनीची बस थेट तिथेच रिकामी झाली. स्टेजवर पिवळेबाबा. पिवळी लुंगी, पिवळा टिळा, पुढ्यात दगडी खल आणि त्यात पिवळीधमक पूड.

"हे सुवर्णभस्म. दोष असेल त्याच्या नावाने तांबडं होतं. भस्म खोटं बोलत नाही," बाबा माईकवर घोळवून सांगत होते. भस्म कशाला बोलेल, तोंड बाबाचंच चालू होतं.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. समोर बसलेला राजेंद्र माझाच विद्यार्थी, आता रंगाच्या कारखान्यात कामाला. त्याची चार वर्षांची सानवी महिनाभर पोट धरून रडत होती, आणि हा शहाणा तिला डॉक्टरऐवजी इथे घेऊन आला होता. बाबाने सानवीचं नाव घेतलं आणि बत्ता दोन्ही हातांनी दाबून दाबून घोटला. पूड तांबूस झाली.

"दोष बापाकडून आलाय," बाबा म्हणाला. "हेच मधातून चाटवा."

सानवीची आई तेजल मधाची वाटी घेऊन पुढे झाली. मी तिचा हात धरला. "थांब गं जरा. बाबा, आधी माझ्या नावाने घोटा."

त्याने मला न्याहाळलं, नवी पूड घेतली, बत्ता नुसता फिरवला. पिवळीच राहिली. "निर्मळ आत्मा."

"आता तुमच्या नावाने." मी बत्ता हिसकावला आणि अंगातलं सगळं बळ लावून तीच पूड रगडली. बाबाचा निर्मळ आत्मा सगळ्यांदेखत तांबूस झाला.

मी म्हटलं, "ही लेड ऑक्साइडची भुकटी, म्हणजे शिसं आणि ऑक्सिजन. विषारी. दोन्ही रंगांत तेच शिसं, तोच ऑक्सिजन. जोरात दाबलं की आतल्या कणांची मांडणी बदलते आणि रंग बदलतो. हलक्या हाताने बदलत नाही. राजेंद्र, चिमूटभर पूड आणि एवढी जड. ओळखलीस?"

तो खलाजवळ आला आणि खाली बसला. "बाई, ही तर आमच्या प्लांटातली. आमी मास्क लावल्याबिगर हिच्या जवळ जात नाय."

"आणि पोरीला चाटवणार होतास. कामाचे कपडे कुठे धुतोस?"

"घरीच."

"आणि घरी गेल्यावर?"

उत्तर तेजलने दिलं. "दारातच उचलून घेतात तिला. त्याच कपड्यांवर."

सानवीचं रक्त तपासलं, त्यात शिसं निघालं; पोटदुखी त्याचीच होती. तिच्यावर आता उपचार चालू आहेत, आणि राजेंद्र कंपनीतच आंघोळ करून, कपडे तिथेच ठेवून घरी येतो. बाबा त्याच दिवशी मागच्या कनातीतून पसार झाला. उद्या दुसऱ्या नाक्यावर बसेल, लोकही जमतील.

त्यांना एवढंच सांगते. दोष बापाकडून आला होता हे खरंच होतं, पण तो सदऱ्यावरून आला होता. सदरा झटकून बघायला कुठलाही बाबा लागत नाही.