मास्तर आणि अकरावी चूक

मित्रांनो, मी एक जुना चुका-काढ्या आहे. हे ऐकून तुम्हाला वहीवरची लाल शाई आठवली असेल, तर तसं काही नाही. खुर्चीचं कापड लाकडाला पक्कं बसावं म्हणून त्याच्या कडेने जे बुटके, चपट्या डोक्याचे खिळे मारतात, त्यांना आमच्या दुकानात चुका म्हणतात. त्या उपटायचं काम माझं. म्हणून मालकांनी माझं नाव ठेवलं मास्तर.

एका लोहाराने मला जुन्या कानशीपासून घडवलं. टोक वाकवून त्याला मधोमध फट दिली आणि मूठ बसवली ती एका मोडक्या खुर्चीच्या पायाची. चुकेच्या डोक्याखाली माझं टोक सरकवायचं, मुठीवर लाकडी हातोडीची टपली मारायची आणि मूठ खाली दाबायची, की चूक टुणकन बाहेर.

मी मुळातच भोचक. कापडाखाली काय असेल, या विचाराने मला चैन पडत नसे. एकदा पेन्सिलीचा तुकडा निघाला, एकदा कुणाचा तरी दुधाचा दात. तो तिथे कसा गेला असेल, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. मालक चारचौघांत म्हणायचे, "मास्तर आहे म्हणून माझा हात चालतो." मी फुगून जायचो.

मग नुसतं दाबलं की पिन मारणारं यंत्र आलं. चुका कमी झाल्या आणि मी खणाच्या तळाशी गेलो. अंगावर गंज चढला. कुणी विचारेना, याचं मला फार वाईट वाटायचं.

मला बाहेर काढलं ते मालकांच्या सूनबाईंनी. लग्नाआधी त्या छापखान्यात मजकूर तपासायच्या. आता त्यांना दुकानातलं काम शिकायचं होतं. त्यांनी मला घासून पुसून तेल लावलं. मालक मात्र नाखूश होते. शेवटी म्हणाले, "ही एक खुर्ची घे. जमलं तर रोज दुकानात बस. बिघडली, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

नवं कापड आणायला निघताना ते म्हणाले, "मी येईपर्यंत हिच्या चुका काढून ठेव."

सूनबाईंच्या माहेरी खिळ्यांना नुसते खिळेच म्हणत, आणि इथला शब्द त्यांना कुणी सांगितलाच नव्हता. त्यांनी कागद-पेन्सिल घेतली. खुर्ची उलटी केली, आडवी केली, बोटांनी चाचपली, विजेरी लावून आत डोकावल्या. मी शेजारीच पडून होतो, पण मला हात लावतील तर शपथ. या बाई करतात तरी काय, म्हणून मी नुसता ताटकळलो होतो.

मालक परतले. खुर्चीवरचं जुनं कापड जसंच्या तसं.

"चुका कुठायत?"

"या कागदावर, बाबा. चौदा निघाल्या."

मालकांनी कपाळावर हात मारला. "अगं, या खिळ्यांना चुका म्हणतात."

सूनबाईंचा चेहरा एवढासा झाला. "राहू दे, तुला नाही जमायचं हे," म्हणत मालकांनी मला उचललं, मागच्या पट्टीवरच्या पहिल्या चुकेखाली सरकवलं आणि हातोडी उगारली.

"बाबा, तिथे मारू नका," सूनबाई हळूच म्हणाल्या. "आधी अकरावी चूक वाचा."

मालकांनी चष्मा पुसला. कागदावर लिहिलं होतं, 'मागच्या पट्टीला आतून केसाएवढी भेग, लाकडाच्या रेषेनेच गेलेली.' त्यांनी खुर्ची उजेडात धरली. भेग होती. एक घाव बसता, तर पट्टी उभी चिरली असती. इतकी वर्षं मी चुका काढल्या, पण लाकूड असं कधी न्याहाळलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

भेगेत सरस भरून पट्टी रात्रभर आवळून ठेवली. दुसऱ्या दिवशी मालकांनी मला सूनबाईंच्या हातात दिलं. म्हणाले, "रेषेच्या दिशेने जा. हलक्या हाताने." सगळ्या चुका निघाल्या, पण लाकडाचा साधा टवकाही उडाला नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं गंजलेलं हत्यार असेल. फेकण्याआधी त्याच्यावर तेलाचा हात फिरवा, आणि ते कशासाठी आहे हे कुणाला तरी विचारा. विचारायला लाजू नका.

हल्ली दुकानात खुर्ची आली की मालक आधी मला शोधत नाहीत. कागद-पेन्सिल पुढे सरकवतात आणि म्हणतात, "सूनबाई, आधी तू चुका काढ. मास्तर मग काढेल."