मोटारीखालचा पहिला मान

मार्गासनीच्या देवळापुढं त्या सकाळी हजारभर माणसं जमली होती आणि देवाकडं सगळ्यांची पाठ होती. तोंडं होती ती एका मोटारीकडं.

ही गोष्ट एकोणीसशे एकाहत्तरच्या फेब्रुवारीतली. मोटार काळी, लांबलचक, परदेशी बनावटीची. तिचे मालक प्राणेश्वर महाराज. वय पन्नाशीच्या आसपास, अंगावर रेशमी कफनी, मनगटावर सोन्याचं घड्याळ. निर्जीव लोखंडात आपण प्राण ओततो, असं ते सांगत. ताशे कडकडू लागले की महाराज उजवा हात उचलत आणि गरजत, "ऊठ, वत्सा!"

आणि मोटार उठे. चाकं जमिनीवरच राहत, पण वरचा सगळा सांगाडा चार बोटं वर येई. महाराज "नीज" म्हणाले की ती तेवढीच खाली बसे. पडदे लावलेल्या मोटारीत जगन नावाचा ड्रायव्हर बसलेला असे आणि इंजिन चालू असे, हे कुणाच्या लक्षात येत नसे. ताशे त्यासाठीच होते.

"कलियुगात देव घोड्यावर येत नाही," महाराज समजावीत. "तो पेट्रोलवर येतो. शास्त्रात आहे."

कुठल्या शास्त्रात, हे कुणी विचारलं नाही.

त्या दिवशी मात्र महाराजांची थोडी पंचाईत झाली. येताना बैलाच्या नालेचा खिळा मागच्या चाकात घुसला आणि देवळापुढं पोचेपर्यंत टायर बसला. प्राण ओतणाऱ्या पुरुषाच्या वाहनाला पंक्चर झालं! जगननं चाक बदलायला काढलं. भुसभुशीत मातीतच जॅक लावून त्यानं मोटारीची एक बाजू हातभर उचलली आणि चाक उतरवून बाजूला ठेवलं. लोक कुजबुजू लागले.

महाराज मूर्ख नव्हते. एक बाजू उचललेली मोटार पाहून त्यांना पालखी आठवली.

या भागात यात्रेत पालखी खांद्यावर उचलली की तिच्याखालून जायची रीत आहे. पोटदुखी, ताप, मूल न होणं, सगळ्यावर तो उतारा. महाराजांनी हात वर केला. "वाहनानं तुमच्यासाठी पाय उचलला आहे. पालखीखालून जाता, तसे याच्याखालून जा. आजाऱ्याला खाली निजवा. त्याच्यावर मी वाहन उठवीन, त्याच्याबरोबर आजार उठेल."

पंक्चरचा असा चमत्कार झाला. कुजबुज थांबली आणि रांग लागली.

रांगेत पुढं होती ठकुबाई. तिचा नवरा चिमाजी तीन आठवड्यांपूर्वी हिरडा झोडताना झाडावरून पडला होता आणि कमरेखाली त्याला धड कळत नव्हतं. भोरच्या डॉक्टरांनी पुण्याच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली होती. उशीर करू नका, असं बजावलंही होतं. चिठ्ठी ठकुबाईच्या कनवटीला होती आणि चिमाजी शेजाऱ्यांनी काठीला टांगून आणलेल्या घोंगडीच्या झोळीत. महाराज येणार म्हणून तिनं आठ दिवस वाट पाहिली होती.

पण रांग हलेना, कारण गावात मानाचं भांडण लागलं. पालखीखालून पहिलं कुणी जायचं याचा मान ठरलेला असतो. आनंदराव पाटील म्हणाले, पहिला मान पाटलाचा. पुजारी कोंडिबा म्हणाला, देवाच्या कामात पुजारी आधी.

"तुमाला काय झालंय पाटील? धडधाकट तर हाय तुमी!"

"मान घ्यायला आजारी पडावं लागतंय व्हय रं?"

याच वेळी वेल्ह्याकडून आलेल्या एस.टी.तून साहेबराव उतरला. भोरच्या डेपोतला मिस्त्री, गावच्याच बौद्धवाडीत वाढलेला. डेपोत लागण्याआधी त्यानं सहा वर्षं मुंबईच्या गॅरेजात काढली होती. अशा गाड्या त्यानं खालून पाहिल्या होत्या. गर्दीतून वाट काढत तो मोटारीजवळ गेला, वाकला, जॅक पाहिला, इंजिनाची घरघर ऐकली आणि खिडकीशी तोंड नेलं.

"हवा बंद केलीस का रं?"

जगनचा चेहरा उतरला. "मिस्त्री, हळू बोला. महाराज म्हनले, चालूच ठेव."

"आन् खाली मानूस घालनार?"

जगननं खिडकीचा पडदा ओढून घेतला.

साहेबराव उठला आणि ठकुबाईच्या आडवा उभा राहिला. "ताई, चिमाअण्णाला खाली घालू नका. गाडी पडंल."

"बाजूला व्हा, भाऊ," ठकुबाई म्हणाली. "तीन आठवडे झाले, मानूस उठला न्हाई माजा."

"ह्याला काय कळतंय पालखीचं?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"खरं हाय," साहेबराव शांतपणे म्हणाला. "आमच्या बापजाद्यांना तुमी कदी पालखीखाली जाऊ दिलं न्हाई. म्हनून वर देव बघायची सवय न्हाई लागली. खाली काय हाय ते बघतो." मग त्यानं पाटलांकडं तोंड वळवलं. "पाटील, वाहन कुनाचं?"

"महाराजांचं."

"मंग पहिला मान कुनाचा?"

पाटील आणि पुजारी त्या सकाळी पहिल्यांदा एकमताचे झाले. "महाराजांचा!"

टाळ्या पडल्या. ताशे वाजले. पुजाऱ्यानं जमिनीवर उपरणं अंथरलं. महाराजांनी जॅककडं पाहिलं, मातीत रुतलेलं त्याचं बूड पाहिलं, आणि त्यांचं शास्त्र घाईघाईनं बदललं. "संन्याशाला मान वर्ज्य असतो."

"मानाला न्हाई म्हनायचं नसतं, महाराज," कोंडिबा म्हणाला. "गावाचा अपमान हुतो."

"माझी कंबर धरली आहे."

"मंग लई ब्येस! उतारच पडंल की!" मागून एक बाई म्हणाली, आणि गर्दीत पहिल्यांदा हसू फुटलं.

महाराज जागचे हलले नाहीत. ठकुबाई त्यांच्याकडं बघत होती. झोळीच्या काठीवरची तिची पकड सैल झाली.

साहेबरावनं देवळाच्या ओट्यावरचं वेताचं टोपलं आणलं, निजलेल्या माणसाच्या छातीएवढं उंच. लांब काठीनं ते मोटारीखाली सारलं आणि सगळ्यांना दहा हात मागं रेटलं. जगनलाही बाहेर काढलं, उघड्या दारातून फक्त हात आत ठेवायला लावला. "आता म्हना, महाराज."

महाराजांनी हात उचललाच नाही. मग पाटीलच गरजले, "ऊठ, वत्सा!"

जगननं आतली मूठ ओढली. पुढचा भाग उचलला, मोटार कलली, जॅक तिरका झाला आणि धाडकन आवाज आला. धुरळा बसल्यावर लोकांनी वाकून पाहिलं. टोपल्याचा पापड झाला होता.

चिमाजी झोळीतून म्हणाला, "ठके, त्ये टोपलं... म्या हुतो व्हय?"

ठकुबाईनं झोळी मोटारीपासून लांब ओढून घेतली.

पुढची पाऊण घटका साहेबरावनं काम केलं आणि काम करता करता सांगितलं. आधी इंजिन बंद. मग हवेचा कॉक, म्हणजे तोटी, बंद. बाकीच्या चाकांना दगडांची आड. जॅकखाली जाड फळी, आणि जॅक गाडीच्या ठरलेल्या मजबूत जागीच. गाडी उचलली की सांगाड्याखाली लाकडी ओंडके. "ह्या गाडीला चाकांवर लोखंडी कमानी न्हाईत, रबरी पिशव्या हाईत. इंजिनावरचा पंप त्यात हवा भरतो. मूठ ओढली की पिशव्या फुगत्यात, गाडी वर. सोडली की खाली. जॅक लावताना हवा चालू ठेवली, तर गाडी आपल्या मनानं वरखाली हुनार. आन् ओंडके लावले, तरी खाली निजायचं न्हाई."

चाक बसलं. ओंडके निघाले, गाडी टेकली, कॉक उघडला, इंजिन सुरू झालं.

"ठकुताई, हितं या. ही मूठ ओढा."

तिनं भीत भीत ओढली. ताशा नाही, मंत्र नाही. मोटार उठली, चार बोटं, अगदी महाराजांसाठी उठायची तशी.

"पडा आता ठकुताईच्या पाया," साहेबराव म्हणाला.

कुणी पडलं नाही. महाराज मागच्या सीटवर बसून काच वर घेत होते. कंबर आता दुखत नसावी.

ठकुबाईनं कनवटीची चिठ्ठी काढली. "भाऊ, पुन्याची एस.टी. किती वाजता?"

"अर्ध्या तासानं. मी येतो संगं."

चिमाजी दोन महिने पुण्यात होता. आता काठी घेऊन चालतो, झाडावर चढत नाही. आठ दिवस आधी नेला असता तर काठी लागली नसती, असं तिथले डॉक्टर म्हणाले. ते आठ दिवस कुठल्याही महाराजांना परत देता येणार नाहीत. म्हणून एवढंच सांगणं आहे: कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी वाकून खाली बघा. आणि ज्याच्याखाली तुमचं माणूस निजवायला सांगतात, त्याच्याखाली सांगणाऱ्याला आधी निजवा.