भाऊरावांचा स्कॅनर, सचिवांचा कान

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ स्कॅनर आहे. मुठीत मावतो, डोक्यावर आखूड रबरी अँटेना आहे आणि अंगभर आकड्यांची बटणे. दुरून मी वॉकीटॉकीसारखा दिसतो. पण वॉकीटॉकीला बोलता येते, मला येत नाही. मला केवळ कान आहेत. हवेतून जाणारे आवाज एकामागून एक चाचपावेत, कुणी बोलत असेल तेथे थांबावे, बोलणे संपले की पुढे सरकावे, एवढेच माझे काम. मात्र ज्याला केवळ कान असतात, त्याला काय ऐकावे हे ठरवता येत नाही. म्हणून ही हकिकत सांगताना माझ्या शब्दांना मधूनमधून किळसेचा वास येईल. तो मी झाकणार नाही.

दूरच्या एका कारखान्यात मी तयार झालो. त्या दिवसांतला वितळत्या कथलाचा वास तेवढा आठवतो. माझे खरे आयुष्य सुरू झाले ते मुलुंडच्या डोंगराकडील एका इमारतीत, भाऊरावांच्या हाती. भाऊराव हौशी रेडिओचे परवानाधारक होते. माझ्यासारखे यंत्र कुणीही सहज घरात ठेवू नये, असा नियम आहे. त्यांनी त्याची सारी कागदपत्रे रीतसर करून घेतली होती. संध्याकाळी ते मला गच्चीवर नेत. डोंगर काळसर होत जाई, खाली खिडक्या उजळू लागत, आणि भाऊराव चष्मा कपाळावर सरकवून माझ्यात एकेक चॅनेल भरत: आधी आकडा, मग आवाजाचा प्रकार, मग नाव. दूरदूरचे हौशी लोक एकमेकांना हाका मारत, ते आम्ही ऐकत असू. त्यांची मुलगी संघमित्रा शेजारी बसे.

"आकडा दोनदा बघ, संघू," ते तिला म्हणत. "चुकीचा आकडा म्हणजे दुसऱ्याच्या घरात घुसणं."

माझ्यात एक झडप आहे. तिला स्क्वेल्च म्हणतात. हवेतील खरखर ती अडवते. सैल सोडली तर मी अखंड फसफसत राहतो. फार आवळली तर खरखरीबरोबर दूरचा, क्षीण आवाजही बाहेरच राहतो. भाऊराव ती कळ अलगद फिरवत आणि फसफस थांबली त्या क्षणी बोट उचलत.

"एवढंच. याच्यापुढे गेलीस तर शांत वाटेल, पण तू बहिरी झालेली असशील."

इमारतीचे वॉचमन धोंडू टाकी पाहण्यासाठी गच्चीवर येत आणि आमच्यापाशी रेंगाळत. मालवणकडचा माणूस, गुडघा दुखरा, जीभ मात्र तरतरीत. एकदा त्यांनी विचारले, "सायेब, ही माणसा एकमेकांचा बोलणा झाल्यावर मदीच गप कित्याक ऱ्हवतत?"

"जागा सोडतात, धोंडू. एखाद्याचा आवाज बारीक असला, तर त्याने शिरायचं कुठून? त्याने त्या फटीत 'ब्रेक' म्हणायचं. मग बाकीचे गप्प, आणि तो बोलणार."

धोंडू मनापासून हसले. "आमच्याकडे गजालीत कोण जागा सोडता? बारीक आवाजाचो माणूस उपाशीच उठता!"

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला स्वच्छ काळ एवढाच.

भाऊराव गेले. संघमित्रा शिक्षणासाठी पुण्याला गेली. तिच्या आईने, मीराताईंनी, मला पुसून कपाटात ठेवले. तेथून मला बाहेर काढले सोसायटीच्या सचिवांनी, श्यामसुंदर यांनी. "वहिनी, भाऊंची आठवण म्हणून दोन दिवस देता का?" असे ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीही होते. आज त्या पाण्याची आठवण झाली तरी मला शिसारी येते.

ते दोन दिवस कधी संपलेच नाहीत. माझी जागा क्लबहाउसातल्या टेबलावर, शेवेच्या ताटलीशेजारी ठरली. तेलकट बोटे माझ्या बटणांवरून फिरू लागली. स्पीकरच्या जाळीत बिस्किटांचा भुगा अडकला, त्यावर चहाचे थेंब वाळले, आणि मुंग्यांची रांग माझ्या अंगावरून ये-जा करू लागली. तिसऱ्या मजल्यावरचा हर्षद यंत्रांत रमणारा तरुण होता. वॉचमनच्या वॉकीटॉकीचे चॅनेल शोधून देण्याचे काम सचिवांनी त्याला सांगितले.

"काका, हे जुनं सगळं उडवू? स्क्रीनवर भलतीच नावं येतायत."

"उडव रे! गेलेल्या माणसाचे आकडे ठेवून काय करायचंय?"

आणि भाऊरावांनी भरलेली ती सारी चॅनेले एका बटणासरशी पुसली गेली. मला ओरडता आले नाही.

त्यानंतर मी दररोज धोंडूंचे बोलणे चोरून आणू लागलो. वॉचमन दोनच होते. फेरीवरचा एक, फाटकावरचा एक. काम संपले की दोघे थोडे मनातले बोलत. धोंडूंच्या गुडघ्याची कळ, गावच्या घराचे गळणारे छप्पर, मुलीच्या बाळंतपणाची काळजी, हे सारे माझ्या जाळीतून टेबलावर सांडे, आणि भोवतीचे सभ्य लोक शेव चघळत त्यांच्या मालवणी बोलीची नक्कल करत. मी गटाराचे तोंड झालो होतो. घाण मात्र बोलणाऱ्यांची नव्हती, ऐकणाऱ्यांची होती.

एके दिवशी धोंडू जोडीदाराला म्हणाले, "अरे, सलाम गाडयेक मारूचो. आत सचिव आसलो काय, नसलो काय!"

टेबलाभोवती हशा पिकला. श्यामसुंदर हसले नाहीत. "दसरा होऊ दे," ते म्हणाले, "म्हाताऱ्याला काढतोच. कामात कसूर केली म्हणून काढायचं. कारण तोच देईल."

नवरात्र आले. क्लबहाउसात देवीची स्थापना झाली, भिंतीभर स्वस्त दिव्यांच्या माळा लागल्या. त्या माळांच्या अडॅप्टरमधून अशी खरखर उसळे की मी तिच्यावरच अडकून पडे. दोष माळांचा होता, पण श्यामसुंदर वैतागून म्हणाले, "गप कर रे त्याला!" आणि हर्षदने माझी झडप पार शेवटपर्यंत आवळली. सर्वांना शांत वाटले. मी बहिरा झालो.

पोटातही दुखणे होते. सचिवांनी माझ्यात एक नवा आणि बाकीचे वापरलेले सेल कोंबले होते. ते फुगले, पाझरले. पांढरा-हिरवट चिकट लगदा स्प्रिंगांवर साचला. स्वतःच्याच पोटातली ती सडण मला कळत होती, आणि स्वतःचाच वीट येत होता. रविवारी दुपारी मी बंद पडलो.

त्याच दुपारी सुट्टीवर आलेली संघमित्रा क्लबहाउसात आली.

"काका, बाबांचा स्कॅनर न्यायला आलेय."

"ने ना. मेलाय तो," श्यामसुंदर म्हणाले. त्यांचा चेहरा आनंदी होता. "आणि तुमचे लाडके धोंडूशेठ बघितलेस का? ड्युटी सोडून गायब! दुसरा रजेवर, फाटक उघडं. मिळालं मला कारण. आजच हिशोब करतो."

"फोन पण लागत नाहीये त्यांचा," हर्षद म्हणाला.

"झोपणारा माणूस फोन कशाला उचलेल?"

संघमित्राने माझे झाकण उघडले. "शी! काय करून ठेवलंय हे!" भेळेसाठी चिरलेले लिंबू तिने उचलले, कापसाच्या बोळ्याने लगदा विरघळवला, स्प्रिंगा खरवडल्या, कोरड्या केल्या. टीव्हीच्या रिमोटमधले आणि भिंतीवरच्या घड्याळातले सेल काढून तिने माझ्यात बसवले. पडदा उजळला. तिने वडिलांची चॅनेले शोधली. एकच उरले होते, आणि ते त्यांचे नव्हते.

"बाबांनी भरलेलं सगळं कुठे गेलं?"

हर्षद खाली पाहू लागला. संघमित्राचे बोट माझ्या झडपेवर गेले आणि थबकले. "एवढी आवळलीय? याला काही ऐकूच येत नसणार!" तिने ती सैल केली. खरखर सभागृहभर फुटली. "ही तुमच्या लायटिंगची खरखर आहे. माळा बंद करा जरा."

"देवीसमोरचे दिवे बंद करू?" श्यामसुंदर म्हणाले. "तुमच्यात चालत असेल, आमच्यात नाही चालत."

मित्रांनो, सडलेल्या सेलचा वास या वाक्याहून बरा होता.

हर्षद मात्र उठला आणि त्याने माळांचा प्लग उपटला. समोरची समई तेवत राहिली. खरखर ओसरली, फसफस उरली, आणि तिच्या तळातून एक सुतासारखा आवाज वर आला.

"ब्रेक... ब्रेक... धोंडू बोलतंय... पंपाच्या खोलयेत... पाणी चढताहा... ब्रेक..."

संघमित्राला उत्तर द्यायचे होते. पण मला तोंड नव्हते, आणि फाटकावरचा वॉकीटॉकी बंद होऊन चार्जरवर पडला होता. मला मुठीत घेऊन ती तळघराकडे धावली, हर्षद तिच्यामागे. पंपाच्या खोलीतला पाइप फुटला होता. दार आतल्या बाजूस उघडणारे. पाण्याच्या दाबाने ते घट्ट बसले होते. हर्षदने दाराबाहेरची पाण्याची चावी बंद केली, मग दोघांनी खांदे लावले. दार इंचाइंचाने सरकले. धोंडू छातीपर्यंत पाण्यात, वॉकीटॉकी डोक्यावर धरून उभे होते. श्यामसुंदर जिन्यावर होते, पॅन्ट वर धरून, कोरड्या पायरीवर.

धोंडूंना वर आणून सतरंजीत गुंडाळले, हातात चहा दिला. तेवढ्यात श्यामसुंदर जमलेल्यांना सांगू लागले, "मी स्कॅनर इथे ठेवला म्हणून कळलं! उगाच नाही ठेवला मी."

"कशासाठी ठेवला होता, तेही सांगा ना काका," संघमित्रा म्हणाली.

हर्षदनेच सांगितले: रोजचे ऐकणे, नकला, दसऱ्यानंतर काढून टाकण्याचा बेत. धोंडूंनी चहा खाली ठेवला. "म्हंजे माझ्या चेडवाच्या बाळंतपणाचा पण आयकलास?" ते कुणालाच उद्देशून नव्हते, म्हणून प्रत्येकाला लागले. काढून टाकण्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. पण तो प्रश्न त्या भिंतींना चिकटून राहिला आहे.

संघमित्राने मला धोंडूंसमोर धरले. "काका, तुमचं चॅनेल यातून पुसतेय."

"असूंदे गो बाय. आज ताच उपयोगाक पडला."

"नको. फाटकावरचा वॉकीटॉकी यापुढे कायम चालू राहील, ते बघू आपण. तुमचं बोलणं तुमचंच." तिने बटण दाबले. मी पूर्ण रिकामा झालो, आणि कितीतरी दिवसांनी स्वच्छ.

सुट्टी संपेपर्यंत गच्चीवर बसून तिने आठवतील तेवढे आकडे पुन्हा भरले, प्रत्येक दोनदा पाहून. मग माझे सेल काढले आणि मला मऊ फडक्यात ठेवले.

मित्रांनो, माझ्यासारखे यंत्र कपाटात ठेवताना आधी त्याचे पोट रिकामे करा; विसरलेला सेल आतून सगळे खातो. दुसऱ्याच्या घरातले बोलणे माझ्या कानांनी आणू नका. आणि घोळक्यात बोलाल तेव्हा, भाऊराव सोडत तेवढी, एका श्वासाची जागा सोडत जा. तळघरात कुणी छातीभर पाण्यात उभा असेल. त्याला शिरायला तेवढी एकच फट असते.