शिंपीकाकांच्या दोन गोळ्या

मित्रांनो, या दवाखान्यात माझ्याहून जुने फक्त दाराजवळचे बाकडे आहे. मी ईसीजीची मशीन. माणसाच्या छातीला नि हातापायांना माझ्या वायरी लावल्या, की त्याच्या हृदयातली वीज मी चौकटींच्या कागदावर रेघेत उतरवते. कारखान्यातून आले तेव्हा माझा काय तो तोरा! डॉक्टरबाई मला कोणाला हात लावू देत नसत.

रेघा काढता काढता औषधांचीही ओळख झाली. हृदयाच्या पेशींना बारीक दारे असतात. त्यांतून क्षारांचे कण ये-जा करतात, त्यातूनच ठोका उठतो. ठोक्यांचा ताल बिघडला की कामाला येणारी औषधे मुख्यतः चार घराण्यांची. पहिले सोडियमच्या दाराशी अडून विजेचा वेग कमी करते. दुसरे, माणूस घाबरला की रक्तात उसळणाऱ्या रसाचा हृदयावर जोर चालू देत नाही. तिसरे पोटॅशियमला बाहेर पडायला उशीर लावते, म्हणून प्रत्येक ठोक्यानंतर हृदय जरा जास्त विसावते. चौथे कॅल्शियमला आवरते, त्यामुळे वरच्या कप्प्यांतली घाई खाली कमी पोचते. सगळी गुणी, पण कोणाचे कोणाशी पटेल याचा नेम नाही.

पुढे पडद्याची नवी मशीन आली आणि माझी रवानगी कपाटावर झाली. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू! एकदा ती दुरुस्तीला गेली, तेव्हा मला खाली काढून पुसले. समोर होते शिंपीकाका. त्यांच्या हृदयाचा ताल बिघडलेला, बाईंनी नुकतीच गोळी बदलून दिली होती. कापड बेतताना त्यांना भोवळ आली होती.

"नवी गोळी पुरत नाहीये बहुतेक," त्यांची मुलगी म्हणाली. "जरा वाढवून द्या ना."

डॉक्टरबाईंनी पेन उचललेही होते. मी जीव ओतून रेघ काढली. बाईंनी त्यावर अंतर मोजायचा कंपास धरला आणि त्यांचा चेहराच उतरला. ठोका सुरू झाल्यापासून हृदय सावरेपर्यंतचे अंतर फार लांबले होते. अशात भलत्या क्षणी पुढचा ठोका पडला, तर हृदय नुसते थरथरत राहते आणि माणूस हातचा जातो.

"काका, अजून कोणती गोळी घेता?"

"नाही हो."

"खरं सांगा."

काकांनी ओशाळून खिशातून गोळ्यांची अर्धी पट्टी काढली. "आधीची उरली होती. मी चिंधीसुद्धा टाकत नाही, बाई, तिचंही पायपुसणं करतो. म्हटलं, सकाळी ही संपवू, रात्री नवी घेऊ."

"बाबा! बंद केली होती ना ती?" मुलीला रडूच फुटले.

जुनी गोळी पहिल्या घराण्यातली, पण तिसऱ्याचा गुणही अंगात असलेली. नवी तर तिसऱ्याच घराण्यातली. दोघींनी मिळून हृदयाचा तो विसावा ताणला होता. बाईंनी दोन्ही थांबवल्या आणि काकांना तडक इस्पितळात पाठवले. आठवड्याने ते परत आले, तेव्हा माझी रेघ पुन्हा ठीक उमटली. मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

मित्रांनो, मी आता पुन्हा कपाटावर आहे. त्याचे काही वाटत नाही. मात्र एक सांगते. छातीच्या आतले मी दाखवते, खिशातले मला दिसत नाही. घरच्या आजारी माणसाला दवाखान्यात नेताना चालू, बंद, उरलेली, प्रत्येक गोळी सोबत न्या. बाईंनी त्या दिवशी दुसऱ्यांदा विचारले, म्हणून काका आहेत. तुम्ही पहिल्यांदाच सांगा.