दांडीच्या वाळूवरचे तीन मैल

बन्सी धावायला निघाला की त्याचा उजवा पाय आधी पुढच्या गावी पोचायचा आणि डाव्याची वाट बघत बसायचा, असं लोक सांगत. लोकांचं सोडा. पण नगरकडचा हा फिटर तारापूरच्या वीज केंद्राच्या बांधकामावर आला आणि त्याच वर्षी पालघरच्या दहा मैलांच्या शर्यतीत तिसरा आला, एवढं खरं. यंदा पहिला येणार, असं त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

रोज सकाळी सहाला, हातात घड्याळ धरून, तारापूरजवळच्या दांडी गावच्या किनाऱ्यावर तीन मैल. सोमवारी एकवीस मिनिटं लागली, मंगळवारी बावीस, रविवारी सव्वीस. आठव्या दिवशी तो वाळूत मटकन बसला. पाय संपले. शर्यतीतून नाव काढून घ्यायचं.

जवळच मासळीवाली रंभाबाई बोंबील वाळत घालत होती.

"काय रे बाबा, कोन मेलं?"

"पाय मेले, मावशी. तेवढंच धावतो, पण रोज उशीर होतो."

"रोज सा वाजताच?"

"सहा म्हणजे सहा."

"दर्या काय तुज्या भोंग्यावर चालतो? गेल्या सोमवारी सा वाजता ओहोटी होती, वाळू फरशीवानी घट्ट. आज सा वाजता भरती हाय. तू वरच्या भुसभुशीत वाळूत धावतो. पाय नाय मेले, रस्ता बुडाला."

बन्सीला आधी हसू आलं, मग जरा भीतीच वाटली. सव्वीस मिनिटं आपली नव्हेत, तर एकवीस तरी आपली कुठं? मग इतके दिवस आपण मोजलं काय?

"तुम्ही बोईसरला डोक्यावर टोपली नेता, तेव्हा काय मोजता?"

"कदी टोपलीला हात लावायचा नाय, कदी वाटेत बसायचं नाय. रोज येगळं. नायतर त्या रस्त्याचा कंटाळा येतो."

दुसऱ्या दिवसापासून घड्याळ खोलीवरच राहिलं. कधी भुसभुशीत वाळूत न थांबता जायचं, कधी जाताना उमटलेली पावलं पाण्यानं पुसायच्या आत परतायचं. एकदा तर तो भरतीशी असा भिडला, की लाटच दमून अर्ध्यात बसली. हे रंभाबाई सांगते, आणि मासळीच्या भावाखेरीज ती कशातही खोटं बोलत नाही.

शर्यतीत तो पाचवा आला.

"पहिला नंबर कुठं सांडला?" कामावरच्या खंडेरावानं टोमणा मारला.

"चौघं पुढं होते, चांगले पळाले," बन्सी म्हणाला. "उद्या सुट्टी आहे. शिरगावच्या वाळूवर पळून बघतो."

"तिकडं कसली शर्यत?"

"शर्यत नाही," बन्सी म्हणाला, आणि ओहोटी किती वाजता आहे ते रंभाबाईला विचारायला दांडीकडे वळला.