जोडाची परीक्षा

गाडीच्या इंजिनाजवळच्या उष्णतेत साधा डाख टिकत नाही, वितळून जातो. म्हणून कारखान्यात ती तांब्याच्या पट्टीवर चांदीची पेस्ट लावायची, त्यावर नखाएवढी इलेक्ट्रॉनिक चिप ठेवायची आणि गरम प्रेसखाली दाबून धरायची. यात चांदी वितळत नाही. तिचे कण नुसते एकमेकांना धरतात, आणि मग कितीही तापवा, सोडत नाहीत.

प्रत्येक खेपेतले थोडे तुकडे ती मुद्दाम मोडायची. यंत्राचं पातं चिपला आडवं रेटत राहतं, ती निघेपर्यंत. किती जोर लागला ते बघायचं, मोडलेलं भंगारात टाकायचं, बाकीचा माल पुढे पाठवायचा. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. संशयी माणसाला संशयाचाच पगार मिळावा, हे भाग्यच म्हणायचं.

घरी मात्र एक खोली, एक ताट, एक वाटी. आई-वडील गेल्यावर उरली ती दूरच्या गावातली थोरली बहीण. दर रविवारी फोन हीच करायची. ताई भरभरून बोलायची, पण आपण होऊन तिनं कधी फोन केला नाही. एका रविवारी कपडे वाळत घालताना हिच्या डोक्यात किडा वळवळला. मी नाही केला तर?

नाहीच केला. पुढच्या रविवारीही नाही. फोन गप्प राहिला. खोलीत कुणाचा तरी आवाज हवा म्हणून ती वर्तमानपत्र मोठ्यानं वाचू लागली. रडूही यायचं, पण हट्ट सोडेल तर शपथ.

शेवटी भाचीचा फोन आला.

"मावशी, बरी आहेस ना? आई किती रविवार फोन मांडीवर घेऊन बसली. आता नाही बसत."

"मग तिनं का नाही केला?"

"तूच म्हणाली होतीस ना, नोकरीला लागलीस तेव्हा? 'मी मशीनवर असते, तू करू नकोस, मीच करेन.' ती ते अजून पाळतेय."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. तिनं लगेच ताईला फोन लावला. एरवी ताई "काय गं, जेवलीस का?" इथूनच सुरुवात करायची. आज परक्याशी बोलावं तसं म्हणाली,

"बोल. काही काम होतं का?"

"नाही गं, सहज."

"बरं. तू कामात असशील. ठेवते मी."

मी मोकळीच आहे, असं ती म्हणेपर्यंत ताईनं फोन ठेवलासुद्धा होता.